‘मृत्तिकाशुद्धी’ : एका संज्ञेची चिकित्सा

किरणोत्सर्गी द्रव्यांनी दूषित झालेल्या जुन्या कारखान्यांच्या जागा पूर्ववत करण्याच्या कार्यास मराठी लेखनात बहुधा ‘शुद्धीकरण’ म्हटले जाते. संज्ञा सुलभ आहे. ती वस्तुस्थितीशी प्रामाणिक आहे काय, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. ‘शुद्धी’ या शब्दामागे मराठीत संस्काराची दीर्घ परंपरा आहे. गोमूत्र शिंपडले, होम झाला, की अशुद्धी उरत नाही. ती कोठे गेली, असे कोणी पुसत नाही. मातीतील थोरियमच्या बाबतीत नेमके हेच पुसावयाचे असते.

वीज येण्यापूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या म्हसावदसारख्या गावांतही ज्या गॅसबत्त्यांच्या उजेडात वराती निघत, त्यांच्या मेंटलचे शुभ्र तेज थोरियम ऑक्साइडचे असे. हे थोरियम मोनाझाइट वाळूतून काढीत. अमेरिकेतील लिंडसे लाइट कंपनी या धंद्यात अग्रेसर होती. 1932 मध्ये तिने इलिनॉय राज्यातील वेस्ट शिकागो येथे कारखाना थाटला. तेथे वापरली जाणारी वाळू भारतातून व ब्राझीलमधून येई. (ज्या केरळच्या किनाऱ्यावर ही वाळू निसर्गतःच पसरली आहे, तेथे वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे, तिला कोणी ‘अशुद्ध’ म्हणत नाही.) कारखाना पुढे कर-मॅगी कंपनीकडे गेला आणि 1973 मध्ये बंद पडला. तोवर त्याचा वाळूसारखा टाकाऊ माल नगरातील अंगणांत व एका सार्वजनिक उद्यानात भराव म्हणून जाऊन बसला होता.

हा माल कारखान्याच्याच जागेत पुरावा, असा कंपनीचा प्रस्ताव होता. नगरवासीयांनी व राज्य शासनाने त्यास विरोध केला. अखेर 1990 च्या दशकात तो आगगाडीने युटा राज्यातील साठवणस्थळी जाऊ लागला. सहाशेंहून अधिक निवासी जागा उकरून त्यांत दुसरी माती भरण्यात आली. या सर्व व्यवहारात थोरियमचा एक कणही नष्ट झाला नाही. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे 1,400 कोटी वर्षांचा आहे. कोणतेही आम्ल, अग्नी वा जंतू त्याची किरणोत्सर्गिता कमी करू शकत नाही. धान्य निवडणाऱ्या गृहिणीस हे सांगावे लागत नाही : खडा नाहीसा होत नसतो, तो सुपाच्या कडेला जातो.

पूर्ण ‘शुद्ध’ माती तरी कोठे आहे? थोरियम प्रत्येक शेतात अल्पांशाने असतेच. म्हणून वेस्ट शिकागोत शून्याचा आग्रह धरला गेला नाही. रेडियमचे प्रमाण नैसर्गिक पातळीहून प्रतिग्रॅम 5 पिकोक्यूरीपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादा म्हणजे विज्ञान, खर्च व लोकमत यांतून निघालेला ठराव होय. ‘शुद्ध’ हे विशेषण तो ठराव झाकून टाकते.

रूढ संज्ञेच्या बाजूनेही काही म्हणता येईल. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-60 असलेले जुने प्रयोगशाळायंत्र फोडले गेले. दिल्ली विद्यापीठाने त्याच वर्षी ते लिलावात विकले होते. एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर काहीजणांस गंभीर इजा झाली. तज्ज्ञांनी विखुरलेले तुकडे शोधून काढले; दूषित मातीही उचलावी लागली. कोबाल्ट-60 चा अर्धायुष्यकाल 5.27 वर्षांचा असल्याने सुमारे 53 वर्षांत त्याची तीव्रता सहस्रांशावर येते. येथे काळ स्वतः शुद्धी करतो, असे म्हणणे अगदीच अनुचित नाही. थोरियमच्या बाबतीत काळाचा असा आधार नाही, आणि दोन्ही प्रसंगांना एकच शब्द लावल्याने हा भेद पुसला जातो.

वेस्ट शिकागोच्या अंगणांत मुले पुन्हा खेळू लागली, हा लाभ लहान नव्हे, आणि संज्ञेच्या चिकित्सेने तो उणावतही नाही. तथापि अशा कार्याच्या वर्णनास मराठीत ‘उकरणे’, ‘वाहून नेणे’, ‘पुरणे’, ‘झाकणे’ ही साधी क्रियापदे उपलब्ध आहेत. त्यांचा विशेष असा की, ‘वाहून नेणे’ म्हणताच ‘कोठे?’ हे विचारणे भाग पडते, आणि युटातील साठवणस्थळाचा उल्लेख टाळून वेस्ट शिकागोचे वाक्य पुरे करता येत नाही.