‘सर करणे’ आणि विणीचा हंगाम : गिर्यारोहणाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

मराठीतील गिर्यारोहणविषयक लेखन वाचताना त्यातील शब्दसंपदा बहुतांशी रणभूमीवरून आलेली आहे, हे सहज ध्यानात येते. ‘मोहीम’ हा शब्द अरबी-फारसी परंपरेतून आला. ‘चढाई’चा अर्थ चढणे असा आहे, तसा हल्ला असाही आहे. गड ‘सर’ होतो त्याच रीतीने सुळकाही ‘सर’ होतो. गडकोटांच्या प्रदेशात हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. तेव्हा या परिभाषेचा उगम शोधण्यापेक्षा तिने कोणत्या अर्थाला दाराबाहेर ठेवले, हे पाहणे अधिक अगत्याचे ठरते.

‘सर करणे’ या क्रियापदाला दोनच घटक पुरतात : जिंकणारा आणि जिंकले जाणारे. त्या कड्यावर आधीपासून नांदणाऱ्या तिसऱ्याला या वाक्यरचनेत स्थान नाही. हा तिसरा घटक मात्र काल्पनिक नव्हे. लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या कड्यांच्या कपारींत घरटे करते. त्याची वीण मुख्यत्वे हिवाळ्यात होते, आणि पावसाळा सरल्यावर प्रस्तरारोहणाचा हंगामही तेव्हाच भरात असतो. हे गिधाड एका विणीस एकच अंडे घालते. डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडांची संख्या झपाट्याने घटली आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. अशा पक्ष्याच्या बाबतीत एक घरटे उठले, तर त्या जोडीचे त्या वर्षीचे सारे प्रयत्न वाया जातात.

यावर असा आक्षेप संभवतो की, ही रूपके केव्हाच मृत झाली असून ‘मोहीम’ म्हणणाऱ्या तरुणाच्या मनात तलवार नसते. आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो अपुरा आहे. रूपक मेले तरी त्याची वाक्यरचना जिवंत राहते आणि कोणाची दखल घ्यावयाची, हे तीच ठरवते. याउलट, शब्दाची कक्षा जाणीवपूर्वक वाढविता येते, याचे उदाहरण कायद्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे हेही समाविष्ट आहे. बंदूक हाती नसताना, केवळ कपारीशी दोर सोडल्यानेही माणूस या व्याख्येच्या कक्षेत येऊ शकतो. लोकभाषेतील ‘शिकार’ तेथवर पोचलेली नाही. आरोहणाची परिभाषा तर त्याहूनही मागे आहे.

दुसरा दोष ‘दरड कोसळली’ या प्रयोगात दिसतो. येथे दरडच कर्ता असून क्रियापद अकर्मक आहे. त्यामुळे घटनेची जबाबदारी निसर्गाकडे जाते. पुष्कळदा ते यथार्थही असते. २०१७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील योसेमिटी येथे एल कॅपिटन या कड्यावरून शिळा कोसळून एक आरोहक मृत्युमुखी पडला. त्यात मानवी कर्ता शोधणे व्यर्थ होय. परंतु वाट निर्धोक करण्यासाठी सैल दगड पाडणे ही सकर्मक क्रिया आहे. आरोहकाला जी सैल कपार धोक्याची वाटते, तीच पक्ष्याच्या घरट्याची जागा असू शकते. म्हणून सुरक्षितता आणि संरक्षण हे प्रश्न वेगवेगळ्या समित्यांकडे सोपविणे सोयीचे असले, तरी कड्यावर ते एकाच ठिकाणी येऊन भेटतात.

यावरील तोडगा परदेशातून शब्दशः उचलण्याचे कारण नाही. योसेमिटीत बहिरी ससाण्यासाठी काही कडे १ मार्च ते १५ जुलै या काळात बंद ठेवतात आणि पाहणीत घरटे न आढळल्यास ते मुदतीपूर्वीच खुले करतात. हा विवेक अनुकरणीय असला, तरी मालवणच्या किनाऱ्याला तो परका नाही. तेथे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मगच होड्या लोटण्याचा प्रघात कायद्याहून जुना आहे. मासळीच्या विणीचा काळ पाळावयाचा असतो, हे तेथे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. त्याच किनाऱ्यासमोर वेंगुर्ला रॉक्सच्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी भिंतींना चिकटवतात. विक्रीसाठी ती घरटी काढणारी माणसेही एका अर्थाने कडा चढणारीच होती. त्या बेटांवर पाकोळ्यांच्या आणि किनाऱ्यावर समुद्री गरुडाच्या संरक्षणासाठी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने काम केले आहे.

‘बहिरी’ या नावाचे मूळही येथे उद्बोधक आहे. त्याचा बधिरतेशी संबंध नसून ते समुद्रवाचक अरबी ‘बह्र’पासून आले आहे. अर्थ विसरला की नाव विपरीत कळते. घरटे विसरले की कडाही निर्जन भासतो. यास्तव गिर्यारोहणाच्या मराठीने ‘मासेमारीबंदी’च्या धर्तीवर ‘वीणबंदी’ हा शब्द स्वीकारावा, आणि प्रत्येक वाटेच्या वर्णनात उंची, काठिण्य व सैल दगड यांच्या जोडीला तेथील पक्षी व त्याच्या विणीचे महिने नोंदवावेत. अशा नोंदीने चढाईचा हक्क हिरावला जात नाही, तो कोणत्या महिन्यांत बजावावयाचा एवढेच ठरते.