बेंझीनच्या वलयातील बाण

बेंझीनचा वर्णपट शिकवताना फळ्यावर एक चित्र हमखास येते: षट्कोन, त्यात गोल बाण आणि आरपार जाणाऱ्या चुंबकीय रेषा. खाली लिहिलेले असते, ‘चुंबकीय क्षेत्रामुळे वलयात विद्युतधारा प्रेरित होते, म्हणून हायड्रोजनचा संकेत ७.३ पीपीएमला मिळतो.’ चित्र उपयोगी आहे. पाउलिंग यांनी १९३६ मध्ये मांडलेली ही कल्पना १९५६ मध्ये पोपल यांनी हायड्रोजनच्या संकेतांना लावली. प्रेरित धारेचे क्षेत्र वलयाच्या मध्यात बाह्य क्षेत्राला विरोध करते, तर काठावरच्या हायड्रोजनपाशी त्यात भर घालते. इथवर ठीक. खटकते ती पुढची उपमा: ‘तांब्याच्या कड्याप्रमाणे’.

परळीचे औष्णिक वीज केंद्र पाहून आलेला विद्यार्थी इथे अडवील. जनित्र थांबले की वीज थांबते. मग चुंबक स्थिर असताना रेणूतील धारा कशी टिकते? प्रश्न अचूक आहे. कड्यात रोध असतो, म्हणून क्षेत्र बदलेनासे झाले की धारा विरते. रेणूत क्षेत्र असेपर्यंत ही धारा इलेक्ट्रॉनांच्या स्थायी अवस्थेचाच भाग असते. तिच्यात ऊर्जा खर्च होत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. अठरा कार्बनांच्या अ‍ॅन्युलीनमध्ये, थंड केल्यावर, बाहेरचे हायड्रोजन सुमारे ९.३ पीपीएमला आणि आतले उणे ३ ला दिसतात. सोळा कार्बनांच्या अ‍ॅन्युलीनमध्ये नेमके उलटे: आतले सुमारे १०.४, बाहेरचे ५.४. म्हणजे तिथे धारा उलट दिशेने वाहते. लेन्झचा नियम पाळणारे तांब्याचे कडे असे कधीच करणार नाही. इलेक्ट्रॉनांची संख्या ४न+२ आहे की ४न, यावर दिशा ठरते. हे पुंजयामिकीचे काम आहे.

तिसरी गोष्ट त्या एकुलत्या बाणाची. युसेलिउस, सुंडहोल्म आणि गाउस यांनी २००४ मध्ये मांडलेल्या पद्धतीने बंध छेदणाऱ्या प्रतलातून जाणारी धारा संगणकावर मोजता येते. बेंझीनमध्ये बाहेरच्या बाजूने एक धारा आणि आत तिच्या उलट लहान भोवरा दिसतो. वजाबाकी करून सुमारे १२ नॅनोअँपिअर प्रति टेस्ला उरतात. ११.७ टेस्लाचे क्षेत्र वलयाला लंब असेल, तर १४० नॅनोअँपिअर. हे गणित वर्गात जरूर करावे.

शिवाय ७.३ चे सारे श्रेय धारेला देऊ नये. वलय नसलेल्या एथीनचे हायड्रोजनही ५.३ च्या आसपास असतात.

हे संकेत ज्या शोधामुळे वाचता आले, त्यात आपलाही वाटा आहे. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलमधील हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखवले. एस. एस. धर्मट्टींनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया घातला.

चित्र पुसू नये. बाण काढून झाल्यावर उपमा कुठे संपते, तेही शिक्षकाने सांगावे. परळी पाहून आलेल्या मुलाची शंका ‘हे पुढे शिकाल’ म्हणून परत पाठवण्याजोगी नाही.