सातशे तुकड्यांना गाडी कधी म्हणायचं?

१.४ अब्ज डॉलरची करनोटीस, हा मथळा तुम्ही वाचला असेलच. सीमाशुल्क विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला पाठवली आणि कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. आपल्याकडे चर्चा झाली ती फक्त 'कर चुकवला की नाही' याची. माझं म्हणणं असं, की त्याआधीचा प्रश्न कुणी नीट विचारलाच नाही: सुट्या भागांच्या ढिगाला गाडी कधी म्हणायचं?

विश्रांतवाडीहून आळंदी रस्ता धरला की दिघी, आळंदी करत चाकणला पोचता येतं. तिथे या कंपनीचा एक कारखाना आहे, दुसरा छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. बाहेरून आलेले भाग जोडून इथे गाड्या तयार होतात. आता दर बघा. जोडणीसाठी लागणारा पूर्ण संच, म्हणजे सीकेडी, आणला तर शुल्क ३० ते ३५ टक्के. नुसते सुटे भाग आणले तर ५ ते १५ टक्के. लोखंड तेच, बोल्ट तेच. फरक फक्त नावाचा!

नाव कसं ठरतं? जगभरच्या बहुतेक देशांत मालाच्या क्रमांकांची एकच यादी चालते. तिच्यात मोटारी ८७०३ खाली येतात, त्यांचे भाग ८७०८ खाली. दोन्हींच्या सीमेवर अर्थ लावण्याचा नियम २(अ) बसलेला आहे. तो साधारण असं सांगतो की वस्तू सुटी करून समोर आणली तरी ती पूर्ण वस्तूच समजावी. कळीचा शब्द 'समोर आणली'. बंदरात अधिकाऱ्यापुढे त्या क्षणी जे आहे ते बघायचं.

विभागाचा युक्तिवाद मात्र बंदरातून उठून थेट संगणकात जातो. नोटिशीनुसार कंपनीच्या सॉफ्टवेअरवर मागणी अख्ख्या गाडीची नोंदवली जायची. मग तिचे मॉडेलप्रमाणे सातशे ते दीड हजार भाग पडायचे आणि ते वेगवेगळ्या खेपांनी यायचे. कंपनी म्हणते, आम्ही एकत्र संच कधी आणलाच नाही, त्यात इथले भागही लागतात, आणि ही पद्धत सरकारला २०११ पासून माहीत आहे.

मला दोन्ही बाजू अर्धवट पटतात. सॉफ्टवेअरचा पुरावा मानला तर वर्गीकरण वस्तूचं न राहता हेतूचं होतं, आणि उद्या कुठल्याही कारखान्याची खरेदीची वही 'वस्तू' ठरेल. उलट कंपनीचं सगळं मान्य केलं, तर नियम २(अ) चुकवायला एकाऐवजी दोन जहाजं पुरतील. सर्वोच्च न्यायालयही दोन्ही बाजूंना गेलेलं आहे. १९९० मध्ये फोटोकॉपी यंत्रांचे भाग तुकड्यातुकड्यांनी आणणारी शार्प बिझनेस मशीन्स हरली. २००८ मध्ये टीव्हीच्या भागांबाबत सोनी इंडिया जिंकली. वकिलांना हवा तो निकाल उचलता येतो.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. एवढा दरफरक धोरण म्हणून मुद्दाम ठेवला गेला, इथे जोडणी व्हावी, इथे भाग बनावेत म्हणून. पण किती दिवसांत आलेले भाग एकत्र मोजायचे, हे मात्र सांगितलं नाही. बरं, आपल्याला वाटतं तसा प्रत्येक खोका कुणी साहेब उघडून क्रमांक देत नाही. २०११ पासून आयातदार स्वतःच क्रमांक लिहून शुल्क भरतो. बहुतेक माल जोखीम तपासणाऱ्या संगणकप्रणालीतूनच पुढे सुटतो. म्हणजे वर्गीकरण आधी आयातदार करतो, आणि सरकार ते वाचतं, कधीकधी, फार नंतर. इथे तर हिशेब २०१२ पासूनचा काढला आहे. विभागाच्या मते २.३५ अब्ज डॉलर भरायला हवे होते, भरले ९८.१ कोटी.

कायद्यात एरवी मागणीची मुदत दोन वर्षांची आहे. माहिती दडवली असेल तर पाच. म्हणून 'दडवलं' हा शब्द सिद्ध करणं विभागाला भाग आहे. पण दरवेळी कागदावर ८७०८ असा क्रमांक स्पष्ट लिहिलेला असेल, तर दडवलं काय? सॉफ्टवेअर? ते कागदावर दाखवायला रकाना तरी होता का?