घटनासंचय आणि त्यावरील प्रक्रिया : पेशवे दप्तराच्या निवडींचे एक परीक्षण

प्रस्तावना

संगणकाच्या क्षेत्रात 'घटनासंचय' ही कल्पना आता रूढ झाली आहे. घडलेली प्रत्येक गोष्ट तिच्या वेळेसह नोंदवायची, केलेली नोंद बदलायची नाही, आणि पुढे प्रश्न पडेल तसतशी त्या साठ्यावर प्रक्रिया करून उत्तर काढायचे, हे तिचे सार होय. गूगल कंपनीतील जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी २००४ मध्ये मांडलेली 'मॅपरिड्यूस' ही पद्धत याच जातीच्या कामासाठी आहे. प्रचंड साठ्याचे वाटे पाडून अनेक यंत्रांना द्यायचे, प्रत्येक यंत्राने आपल्या वाट्यातील नोंदींवर खूण घालायची, आणि मग सारख्या खुणांच्या नोंदी एकत्र आणून निष्कर्ष काढायचा.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे वर्णन अपरिचित वाटणार नाही. मराठी आणि फार्सी कागदांचे दप्तर हा असाच घटनासंचय आहे. त्यावर मोठ्या प्रमाणात प्रक्रिया करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. त्या प्रयत्नांच्या रचनेचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संपादकांच्या विद्वत्तेबद्दल येथे शंका घ्यायची नाही. काम कसे उभे केले आणि पुढच्या माणसाला ते पुन्हा चालवता यावे अशी सोय ठेवली का, एवढेच पाहावयाचे आहे.

साठ्याचे स्वरूप

पुण्यातील पेशवे दप्तरात रुमाल आणि इंग्रजी फाइली मिळून संख्या पस्तीस हजारांच्या घरात जाते. पत्रे, रोजकीर्दी, हिशेब, इनामांचे कागद असा सर्व प्रकारचा मजकूर त्यात आहे. दुसरीकडे मोगल दरबाराचे 'अखबारात' आहेत. वाकेनवीस, सवानेहनिगार, खुफियानवीस आणि हरकारे अशा वेगवेगळ्या वाटांनी दरबाराकडे बातमी येत असे. एकाची बातमी दुसऱ्याच्या बातमीशी ताडून पाहता यावी, ही त्या व्यवस्थेतील मोठी सोय होती. एकाच घटनेच्या अनेक नोंदी म्हणजे निव्वळ पुनरुक्ती नव्हे. त्यांतील फरक हाच पुरावा असतो.

दोन फेऱ्या : वाड आणि सरदेसाई

पहिली मोठी फेरी रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांची. सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशांतून त्यांनी उतारे निवडले. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये त्या रोजनिशांवर प्रास्ताविक निबंध लिहिला. वाडांचा भर राज्यकारभारावर होता. वतन, न्याय, जकात, टांकसाळ या विषयांसाठी अभ्यासक आजही प्रथम तेथे जातो.

दुसरी फेरी रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची. जदुनाथ सरकार यांच्या आग्रहामुळे मुंबई सरकारने हे काम त्यांच्याकडे दिले. १९२९ मध्ये काम सुरू झाले तेव्हा सरदेसाई चौसष्ट वर्षांचे होते. पुढच्या चार-पाच वर्षांत निवडींचे ४५ खंड बाहेर पडले. हाताखालच्या मंडळींनी रुमाल सोडायचे, मोडी वाचायची, महत्त्वाचे वाटेल ते बाजूला काढायचे, आणि संपादकाने विषयवारी लावून प्रत्येक कागदावर इंग्रजी सारांश द्यायचा, अशी ही व्यवस्था होती. इतक्या अल्प काळात इतके काम उरकणे ही असामान्य गोष्ट आहे आणि तिचे श्रेय निःसंकोचपणे दिले पाहिजे. दप्तर कोणाला खुले असावे यावरून त्या काळी पुण्यातील संशोधकांत आणि सरकार-सरदेसाई पक्षात जो वाद झाला, त्याचा वृत्तांत दीपेश चक्रवर्ती यांच्या २०१५ च्या 'द कॉलिंग ऑफ हिस्टरी' या ग्रंथात आला आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको.

रचनेतील उणीव मात्र खंडांच्या मांडणीतच दिसते. पानिपत प्रकरणाची पत्रे दुसऱ्या खंडात आहेत. बाळाजी बाजीराव यांच्या काळातील उत्तरेकडील घडामोडी एकविसाव्या खंडात आहेत, आणि त्याच विषयाची पुरवणी सत्ताविसाव्या खंडात आहे. रुमाल जसजसे उघडले गेले तसतसे छापणे चालू राहिले, म्हणून एकाच घटनामालिकेचे तीन तुकडे झाले. पुरवणी काढावी लागणे हा दोष नाही. पण पहिली निवड कोणत्या नियमाने केली, कोणते रुमाल पाहिले, कोणते राहिले आणि कोणती पत्रे पाहूनही सोडली, याचा कागदोकागदी हिशेब खंडांसोबत वाचकाच्या हाती येत नाही. त्यामुळे एखादी गोष्ट खंडांत नाही म्हणजे दप्तरातच नाही, की निवडीत गळली, हे ठरवता येत नाही. वाड आणि सरदेसाई यांनी एकाच साठ्यातून दोन निराळी चित्रे काढली, यावरून निवड ही प्रश्नाच्या मागे जाते हे स्पष्ट होते. उद्या शेतकरी स्त्रियांविषयी किंवा मुसलमान कारागिरांविषयी प्रश्न विचारणाऱ्याला तिसरी फेरी करावी लागेल, आणि तिची सुरुवात पुन्हा पहिल्या रुमालापासून होईल.

तारखांचा प्रश्न

घटनांच्या साठ्यावर प्रक्रिया करताना सर्वांत अवघड काम तारखेचे असते. मराठी पत्राला बहुधा दोन तारखा असतात. एक लेखनाची आणि दुसरी 'पैवस्ती', म्हणजे पत्र पोहोचल्याची. घटनेची तारीख तिसरीच असते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तिची बातमी पेशव्यांना माळव्यात भेलशाजवळ २४ जानेवारीच्या सुमारास कळली असे मानतात. मधल्या दहा दिवसांत छावणीत लिहिली-वाचली गेलेली पत्रे लढाई व्हायची आहे असे समजूनच बोलतात. पैवस्तीच्या क्रमाने लावली तर मेलेली माणसे पत्रांतून हुकूम देताना दिसतील. लेखनाच्या क्रमाने लावली तर पेशव्यांना कोणत्या दिवशी काय ठाऊक होते हे कळणार नाही. दोन्ही तारखा जपल्या तरच दोन्ही प्रश्न सुटतात.

त्यात कालगणनेची अडचण भर घालते. जुलै १८०१ च्या आरंभी यशवंतराव होळकरांनी उज्जैन येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. हीच घटना फार्सी कागदात हिजरी १२१६ च्या सफर महिन्यात येईल, मराठी पत्रात शके १७२३ च्या आषाढाच्या सुमारास, आणि दप्तरी कागदात सुहूर सन 'इसन्ने मयातैन व अलफ', म्हणजे १२०२ मध्ये. सुहूर सनाचे वर्ष मृगापासून मृगापर्यंत सौर आहे, पण त्यातील महिने मोहरम, सफर असे चांद्र आहेत. त्यामुळे एका सुहूर वर्षात सुमारे अकरा दिवसांच्या चांद्र तारखा दोनदा येतात, एकदा वर्षारंभी आणि एकदा वर्षाखेरीस. शिवाय हिजरी दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, तेव्हा रात्रीच्या घटनेची तारीख एका दिवसाने पुढे जाते. ज्या पत्रावर केवळ 'छ' देऊन चंद्र व महिना लिहिला आहे आणि वर्ष नाही, त्याला संपादकाने संदर्भावरून वर्ष दिलेले असते. हे अनुमान आहे. ते मूळ तारखेच्या जागी बसले की पुढचे अभ्यासक त्याला पुरावा समजून चालतात.

फार्सी कागदांची वेगळी वाट

पारसनीस संग्रहातील फार्सी बातमीपत्रांचा जदुनाथ सरकार यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५३ मध्ये 'दिल्ली अफेअर्स' या नावाने प्रसिद्ध झाला. महादजी शिंद्यांवरचा दुसरा भाग १९५४ चा. इंग्रज वकिलांची 'पूना रेसिडेन्सी करस्पाँडन्स' ही मालिका १९३६ पासून निघत होती, आणि दौलतराव शिंद्यांच्या काळावरील तिच्या एका खंडाचे संपादन सीतामऊच्या रघुवीरसिंहांनी केले. सेतुमाधवराव पगडी यांनी अखबारात मराठीत आणले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. तरीही मोडी, फार्सी आणि इंग्रजी हे तीन साठे तीन स्वतंत्र कामे म्हणून चालले. एका घटनेच्या तिन्ही नोंदी शेजारी ठेवणारी सूची तयार झाली नाही.

याचा परिणाम केवळ तांत्रिक नाही. उज्जैनच्या माधव नगरात बसून या विषयाकडे पाहणाऱ्या शिक्षकाला पुणे दूर आहे. त्याच्या हाती येतात ते छापील खंड. त्यात मराठी कागद एका कपाटात आणि फार्सी कागद दुसऱ्या कपाटात असले, की विद्यार्थ्यांच्या मनातही दोन वेगळे इतिहास तयार होतात, एक मराठ्यांचा आणि एक मुसलमानांचा. वास्तविक मराठी पत्रावर 'जमादिलाखर' लिहिणारा कारकून आणि मराठा सरदारासाठी फार्सीत बातमी लिहिणारा मुनशी एकाच कचेरीच्या व्यवहारातले होते. कपाटे वेगळी झाली ती प्रक्रियेमुळे.

महाविद्यालयांसाठी काही सूचना

दप्तरांच्या संगणकीय प्रतिमा घेण्याची कामे आता होत आहेत. प्रतिमा म्हणजे प्रक्रिया नव्हे. छोट्या महाविद्यालयालाही छापील खंडांतील शंभर पत्रे घेऊन पुढील पद्धतीने काम उभे करता येईल.

१) मूळ तारीख जशी लिहिली आहे तशीच एका रकान्यात ठेवावी. जंत्रीवरून काढलेली इसवी तारीख वेगळ्या रकान्यात द्यावी, आणि ती निश्चित की अनुमानित हेही लिहावे.

२) घटना, लेखन आणि पैवस्ती यांच्या तारखा एकमेकींत मिसळू नयेत.

३) एकाच घटनेच्या अनेक नोंदी एका क्रमांकाखाली जोडाव्यात, पण कोणतीही नोंद काढून टाकू नये.

४) प्रत्येक पत्र दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे. उर्दू विभाग व मराठी विभाग यांची जोडी असल्यास उत्तम. वाचनातील मतभेद खोडू नयेत, नोंदवावेत.

५) निवडीचा नियम, पाहिलेले कागद आणि सोडलेले कागद यांची वही ठेवावी. काम मध्येच थांबले तर पुढच्या वर्षीच्या तुकडीला तेथूनच सुरू करता आले पाहिजे.

निष्कर्ष

वाड, सरदेसाई आणि सरकार यांनी आपल्याला उत्तरे दिली. ती उत्तरे पुन्हा तपासण्याचे साधन मात्र पुरेसे दिले नाही, आणि त्या काळात ते देणे कठीणही होते. आज ते शक्य आहे. मोडी वाचणारे आणि शिकस्ता लिपी वाचणारे दोन्ही कमी होत चालले आहेत. जे आहेत ते एका टेबलाशी बसले, तर तिसरी फेरी पहिल्या रुमालापासून सुरू करण्याची वेळ येणार नाही. हे काम आपल्या महाविद्यालयांतील दोन विभागांचे आहे, आणि ते या वर्षीच्या शंभर पत्रांपासून सुरू होऊ शकते.