अवधान, संवाद आणि तिसरी खुर्ची : शेरी टर्कल यांच्या प्रतिपादनाची चिकित्सा

प्रस्तावना :

संवाद हा मानवी व्यवहारांपैकी सर्वांत सहज समजला जाणारा व्यवहार होय. जे सहज असते त्याची चिकित्सा सहसा होत नाही. ते हरवत असल्याची शंका आली म्हणजेच त्याकडे लक्ष जाते. भ्रमणध्वनीच्या द्वारे दिवसाचे सर्व प्रहर जगाशी जोडलेल्या माणसाच्या बोलण्याचे आणि ऐकण्याचे नेमके काय होते, या प्रश्नाचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासकांमध्ये शेरी टर्कल यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्राध्यापक असलेल्या टर्कल यांचा 'रिक्लेमिंग कॉन्व्हर्सेशन' हा ग्रंथ २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संवाद पुन्हा मिळवणे, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. या ग्रंथातील निदान कितपत टिकते आणि त्यातील उपाय कोठे अपुरा पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टर्कल यांची वाटचाल लक्षात घेतल्याशिवाय या ग्रंथाचे मोल कळत नाही. यंत्राला नावे ठेवणाऱ्यांची परंपरा जुनी आहे आणि त्यांत नवे सांगणारे थोडेच असतात. टर्कल त्या परंपरेतील नव्हेत. 'द सेकंड सेल्फ' (१९८४) आणि 'लाइफ ऑन द स्क्रीन' (१९९५) या ग्रंथांत त्यांनी संगणकाकडे कुतूहलाने पाहिले होते. पडद्यावर वेगवेगळी रूपे घेऊन माणूस स्वतःला पारखू शकतो, असा त्या काळातील त्यांचा बराचसा आशावादी सूर होता. २०११ च्या 'अलोन टुगेदर' या ग्रंथात तो सूर पालटला. ज्याने एखाद्या वस्तूचे स्वागत केले आहे त्याने घेतलेला आक्षेप अधिक गांभीर्याने ऐकावा लागतो, तो याच कारणाने.

ग्रंथाची मांडणी :

ग्रंथाचा आराखडा हेन्री डेव्हिड थोरो यांच्या 'वॉल्डन' (१८५४) मधील तीन खुर्च्यांच्या उल्लेखावर उभा आहे. थोरो यांच्या झोपडीत एक खुर्ची एकांतासाठी, दोन मैत्रीसाठी आणि तीन समाजासाठी होत्या. टर्कल या क्रमाने पुढे जातात. पहिल्या खुर्चीत स्वतःशी संवाद, दुसरीत कुटुंब, मैत्री आणि प्रेम, तिसरीत शिक्षण आणि कामाचे ठिकाण. या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. जो स्वतःबरोबर बसू शकत नाही तो दुसऱ्याचे ऐकू शकत नाही. कारण समोरचा माणूस त्याला स्वतःची रिकामी जागा भरण्यापुरताच हवा असतो. मराठी वाचकाला हे समजण्यास फार सायास पडू नयेत. 'एकटेपणा' आणि 'एकांत' हे दोन शब्द मराठीने वेगळे ठेवले आहेत. पहिला सोसावा लागतो, दुसरा शोधावा लागतो.

ग्रंथातील सर्वांत जिवंत भाग मुलाखतींचा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी एकत्र जेवायला बसतात तेव्हा त्यांच्यात एक अलिखित नियम पाळला जातो : किमान तीन जणांच्या माना वर असतील, म्हणजे बोलणे चालू ठेवणारे कोणी उरले असेल, तरच आपण मान खाली घालून भ्रमणध्वनी पाहायचा. मग माना आळीपाळीने वर-खाली होत राहतात. बोलणे चालू राहते, परंतु ते हलके होत जाते. कोणीही कोणत्याही क्षणी उठून गेल्यासारखा असतो, तेव्हा जड विषय काढणार कोण? दुसरी एक विद्यार्थिनी सात मिनिटांविषयी बोलते. एखादे संभाषण कोठे वळते आहे हे कळण्यास तेवढा वेळ द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ आपण देत नाही, हे ती स्वतःच कबूल करते. संभाषणातील शांत, अडखळते, कंटाळवाणे वाटणारे क्षणच पुष्कळदा त्याला खोलीकडे नेतात, आणि नेमके तेच क्षण खिशातील यंत्र गिळून टाकते. हे निरीक्षण ग्रंथातील इतर कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक पटणारे आहे.

पुराव्याचा प्रश्न :

टर्कल यांनी मुलाखतींच्या जोडीला प्रायोगिक संशोधनाचा आधार घेतला आहे, आणि ग्रंथाची बाजू येथे लंगडी होते. सारा कोनरथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ ते २००९ या काळातील सुमारे १३,७०० अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या उत्तरांचे एकत्रित विश्लेषण केले होते. त्यावरून सहानुभावात ४० टक्के घट झाल्याचे सांगितले गेले, आणि टर्कल यांच्या युक्तिवादात हा आकडा मध्यवर्ती ठरतो. मात्र या घटीचा मोठा भाग २००० नंतरच्या वर्षांतील असून सामग्री २००९ मध्ये संपते. आयफोन बाजारात आला तो २००७ मध्ये. म्हणजे ज्या यंत्रावर दोष ठेवायचा ते बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती येण्यापूर्वीच घट सुरू झाली होती. पुढे कोनरथ यांनीच २०१८ पर्यंतची सामग्री तपासली तेव्हा २००८ नंतर सहानुभावाचे मापन पुन्हा चढताना आढळले. स्मार्टफोन घरोघर पोहोचण्याची वर्षे तीच. टर्कल यांना २०१५ मध्ये हे ठाऊक असणे शक्य नव्हते, हे खरे. परंतु आज ग्रंथ वाचणाऱ्याने तो आकडा जसाच्या तसा पुढे देणे योग्य ठरणार नाही. तो अजूनही सर्रास दिला जातो.

टेबलावर नुसता ठेवलेला भ्रमणध्वनीही संभाषण उथळ करतो, या दाव्याची गतही काहीशी अशीच आहे. पशिबिल्स्की आणि वाइनस्टाइन यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तसे आढळले होते. २०१८ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला असता परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात तीनशेहून अधिक माणसांना आप्तेष्टांबरोबर उपाहारगृहात जेवायला बसवण्यात आले. ज्यांचे भ्रमणध्वनी टेबलावर होते त्यांचे लक्ष अधिक विचलित झाले आणि जेवणाचा आनंद कमी झाला, परंतु फरक माफक होता. याचा अर्थ टर्कल चुकल्या असा नव्हे. संभाषणाची खोली पाच-दहा मिनिटांच्या प्रयोगात आणि प्रश्नावलीच्या मोजपट्टीवर सापडेल, ही अपेक्षाच मुळात संशयास्पद आहे. टर्कल यांचे बळ ऐकण्यात आहे, मोजण्यात नाही. त्यांनी आपल्या बळावर विसंबून राहावयास हवे होते.

कोणाचा संवाद? :

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. टर्कल यांच्या ग्रंथातील माणसाला स्वतःची खोली आहे. एकांत त्याला उपलब्ध आहे, फक्त तो घेत नाही. चाळीतील एका खोलीत सहा माणसांसह वाढलेल्या मुलीची स्थिती अशी नसते. तिच्या बाबतीत भ्रमणध्वनी हा पुष्कळदा एकांताचा शत्रू नसून एकांताचे एकमेव साधन असतो. मैत्रिणीशी जे कुजबुजून बोलायचे ते बोलण्यासाठी पूर्वी गच्चीचा जिना शोधावा लागे, आणि तेथेही शेजारच्या काकू भेटतच. संभाषणाच्या गतकाळाविषयी हळवे होताना हे विसरता येत नाही. गावच्या पारावरील गप्पा हे मराठी ललित लेखनाचे आवडते चित्र आहे. परंतु त्या पारावर स्त्रिया बसत नसत आणि गावातील सर्व जातींनाही तेथे बसता येत नसे. ज्यांना त्या संवादात कधी स्थानच नव्हते, त्यांनी संवाद 'पुन्हा' मिळवायचा म्हणजे काय, या प्रश्नाकडे ग्रंथ वळत नाही.

दूरदेशी असलेल्या माणसांचेही तसेच. 'अलोन टुगेदर'मध्ये पॅरिसला नोकरी करणाऱ्या एका तरुणीची हकिगत आहे. ती फिलाडेल्फियातील आजीशी स्काइपवरून नियमाने बोलते आणि बोलता बोलता आपल्या ई-मेलना उत्तरे देते; आजीला ते कळत नाही आणि तरुणीच्या मनाला टोचणी लागते. ज्यांची मुले अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात आहेत अशा पुण्या-डोंबिवलीच्या घरांत हा प्रसंग कोणालाही परका वाटणार नाही. पलीकडचा मुलगा 'हो आई, बोल ना' म्हणतो आणि त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलेली असते. टर्कल यांनी येथे वर्मावर बोट ठेवले आहे. तरीही, पूर्वी महिन्याकाठी येणाऱ्या हवाई पत्रापेक्षा हे अर्धे लक्ष अधिक की उणे, याचा निवाडा त्या आईनेच करावयाचा आहे. बहुतेक आया अर्धे लक्ष पत्करतात, आणि ते अर्धे आहे हे त्यांना कळत नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल.

मोहित्यांचे वडगाव :

आता उपायांविषयी. जेवणाची जागा, स्वयंपाकघर, मोटारगाडी या ठिकाणी यंत्र नसावे. एका वेळी एकच काम करावे. यंत्रे घडवणाऱ्यांनी माणसाला धरून ठेवण्याऐवजी मोकळे सोडणारी रचना करावी. टर्कल यांच्या सूचना ढोबळपणे अशा आहेत. रचनाकारांविषयीची सूचना वगळता इतर सूचनांचा भार मुख्यतः व्यक्तीवर आणि फार तर कुटुंबावर पडतो. थोरो यांची तिसरी खुर्ची समाजासाठी होती. टर्कल यांच्याकडे ती वर्गात आणि कार्यालयात नेऊन ठेवलेली आढळते. शेजार, वस्ती, गाव यांनी मिळून काही ठरवावे, अशी कल्पना त्यांच्या उपायांत डोकावतही नाही.

ती कल्पना सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात प्रत्यक्षात आली. सुमारे तीन हजार वस्तीच्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास असे ठरले की, रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजला म्हणजे घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि भ्रमणध्वनी बंद करायचे, ते साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. करोनाकाळात शाळा भ्रमणध्वनीवर भरली आणि शाळा पुन्हा उघडल्यावरही मुलांच्या हातातून तो सुटेना, हे त्याचे कारण. घरांत अभ्यासाची वेगळी खोली नाही. वडीलधारे मालिका पाहत असतील तर त्याच खोलीत बसलेल्या मुलाने पुस्तक उघडावे कसे, ही अडचण ग्रामस्थांनी अचूक ओळखली होती. प्रारंभी पुरुषांनी हा बेत हसण्यावारी नेला. स्त्रियांच्या सभेने तो उचलून धरला. आशा व अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन आठवण करून देऊ लागले.

या प्रयोगाची तुलना यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाशी करणे उद्बोधक ठरते. पुसद तालुक्यातील या ग्रामपंचायतीने त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलांच्या भ्रमणध्वनी-वापरावर बंदीचा ठराव केला. हेतू जवळपास एकच, परंतु रचना वेगळी. बान्सीत मोठ्यांनी मुलांवर नियम घातला. वडगावात मोठ्यांनी स्वतःलाही त्यात धरले. बापाने हातातील भ्रमणध्वनी न सोडता मुलाला 'अभ्यास कर' म्हणणे, हा आपल्या घरांतील नित्याचा विनोद वडगावाने निदान दीड तास तरी बंद केला.

टर्कल यांच्या विद्यार्थ्यांचा तीन मानांचा नियम येथे पुन्हा आठवतो. टर्कल त्याकडे रोगाचे लक्षण म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. पण तो नियम आहे, तोही सर्वांनी मिळून न बोलता केलेला, याकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. विचलित होण्यासाठीही गटाची संमती लागत असेल, तर सावध होण्यासाठी ती लागणार नाही असे कसे म्हणावे? मित्रांच्या मेळाव्यात एकट्याने भ्रमणध्वनी खिशात ठेवला तर त्याच्या वाट्याला संवाद येत नाही. इतरांच्या खाली झुकलेल्या माना तेवढ्या त्याला दिसतात. अवधान ही व्यक्तीच्या निग्रहाची बाब आहे तितकीच ती सामायिक व्यवस्थेची बाब आहे. मराठी परंपरेत याचे भान होते. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी अवधान मागितले आहे ते जमलेल्या सर्व श्रोत्यांकडे, आणि दासबोधातील नवविधा भक्तीच्या विवेचनात पहिले स्थान श्रवणाला आहे. कीर्तनात वा प्रवचनात श्रोता एकटा ऐकत नाही. शेजारचा ऐकतो आहे म्हणूनही तो ऐकतो.

अर्थात सामूहिक नियमाला स्वतःचे काच असतात. भोंगा सर्वांसाठी एकाच वेळी वाजतो. साखर कारखान्याची पाळी संपवून साडेसातला घरी येणाऱ्याची सोय त्यात कितपत होते, किंवा दूरच्या माहेरी फोन करण्यास सुनेला तेवढीच वेळ मोकळी मिळत असेल तर तिने काय करावे, हे प्रश्न उरतातच. गावाच्या एकमतात कोणाचा आवाज दबला, हे विचारण्याची सवय समाजशास्त्राच्या अभ्यासकाला असली पाहिजे. मात्र येथे नियमाचा आग्रह स्त्रियांनी धरला आणि तो मालिकांसह स्वतःवरही लागू केला, ही गोष्ट त्या शंकेचे वजन काहीसे कमी करते.

वडगावाचा घोषित हेतू मुलांचा अभ्यास हा होता. संभाषण हा नव्हता. टर्कल यांना जे हवे आहे ते तेथे घडले तर आनुषंगिक म्हणून घडले : संच बंद, अभ्यास चालू, आणि ज्यांना अभ्यास नाही ती मोठी माणसे एकाच खोलीत समोरासमोर बसलेली. साडेआठपर्यंत त्यांना दुसरे काही पाहण्यासारखे नसते.