दुखणं आधी की पुरावा आधी?



आजचा विषय आम्ही मुद्दाम तत्त्वज्ञानाच्या पोथीतून न घेता प्रयोगशाळेतून घेतला आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात औषधशास्त्राची एक संस्था आहे. तिच्या प्रमुख डॉ. रोहिणी कुनर. जन्म मुंबईचा, १९७० सालचा. डॉक्टरेट अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची, आणि पुढचं काम हायडेलबर्गला. माणसाला दुखतं तेव्हा शरीरात काय घडतं, आणि जखम भरून आल्यावरही ते दुखत का राहतं, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न. आम्ही काही शरीरशास्त्राचे जाणकार नाही. पण ग्रंथाची समीक्षा होते तशी संशोधनाचीही व्हायला हवी. ते काय सिद्ध करतं, त्यातले शब्द किती भार पेलतात आणि ते कुठं थांबतं, एवढंच आज आपण पाहू.

आधी थोडी मागची गोष्ट. सतराव्या शतकात देकार्तनं वेदनेचं चित्र दोरी आणि घंटेसारखं रंगवलं. पायाला चटका बसला की दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. हे चित्र फार टिकलं. पण कापणीच्या घाईत विळा लागलेला कळत नाही आणि संध्याकाळी हात धुताना तीच जखम झोंबते, हे आपल्याला ठाऊक आहेच. मग दिवसभर घंटा का वाजली नाही? १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी सांगितलं की पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं, आणि खालून येणारा निरोप तिथं अडतो, कमी होतो किंवा वाढतो. वेदना ही नुसती जखमेची पावती नाही, हे तेव्हापासून विज्ञानानं मान्य केलं.

आता डॉ. कुनर यांच्या कामाकडे येऊ. विजयन गंगाधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉ. कुनर यांच्या प्रयोगशाळेत केलेलं काम २०२२ साली 'नेचर'मध्ये आलं. उंदराच्या कातडीतले दोन प्रकारचे मज्जातंतू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळे दिसतील असे केले. एक हळुवार स्पर्शाचे आणि दुसरे इजेची वर्दी देणारे. मग एक नस कापली आणि त्याच उंदरांची कातडी १० महिन्यांहून जास्त काळ पाहत राहिले. आधी तो भाग बधिर झाला. हळूहळू जाण परत आली. आणि काही महिन्यांनी साधा स्पर्शही उंदराला सोसेना. कारण काय? स्पर्शाचे तंतू परत आलेच नाहीत. त्यांच्या रिकाम्या जागेत इजेचे तंतू वाढले, आणि हळुवार स्पर्श टिपणारी जी सूक्ष्म टोकं कातडीत असतात, त्यांना हेच जाऊन जोडले गेले.

हे आपल्या भाषेत सांगायचं तर शेजारचं वावर पडीक राहिलं आणि धुरा कोरत कोरत दुसऱ्यानं ते वाहायला घेतलं. आता त्या वावरात काहीही पेरा, पीक त्याच्याच घरी जाणार. सदऱ्याची बाही घासली तरी मेंदूला निरोप जातो तो भाजल्याचा.

या संशोधनाचं मोल आम्ही फार मोठं मानतो. अपघातानंतर, ऑपरेशननंतर किंवा जुन्या मधुमेहात कितीतरी माणसं सांगतात की नुसता कपडा लागला तरी आग होते. एक्स-रे स्वच्छ येतो. मग घरचे म्हणतात वहम आहे, मालक म्हणतो अंगचोर आहे. बाईमाणूस असेल तर 'कामाचा कंटाळा' हे ठरलेलं निदान. अशा माणसाच्या बाजूनं ही प्रयोगशाळा साक्ष देते की जखम दिसत नसली तरी शरीरात खरोखर बिघाड असू शकतो.

पण आमची समीक्षा इथूनच सुरू होते. उंदराला दुखतंय हे संशोधकांना कळलं कसं? उंदीर बोलत नाही. त्याच्या पंजाला बारीक तंतू टेकवतात आणि तो पाय किती लवकर उचलतो ते पाहतात. जिथं तो स्पर्श होतो ती जागा तो टाळतो का, हेही पाहतात. म्हणजे आधी उंदराच्या वागण्यावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासाच्या आधारानं तंतूचा शोध लागला. हा क्रम चुकीचा नाही. आई तान्ह्या बाळाचं दुखणं असंच ओळखते. पण माणसाच्या बाबतीत आपण तो उलटा करतो. आधी रिपोर्ट दाखव, मग तुझं दुखणं मानू! उंदराच्या उचललेल्या पायाला जो मान मिळतो, तो मजुराच्या शब्दाला मिळत नाही.

कुणी म्हणेल, विज्ञान पुढं गेलं की सगळ्याच दुखण्याचा पुरावा सापडेल आणि हा प्रश्न मिटेल. आम्हाला तसं वाटत नाही. आपल्या विदर्भातला सिकलसेल घ्या. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ सालीच दाखवलं. यंत्रणा इतकी पक्की माहीत असलेली वेदना दुसरी क्वचितच असेल. तरीही रात्री कळ उठलेल्या पोराला 'एवढं काय झालं ओरडायला' हे ऐकावं लागतंच. कारण रक्ताची तपासणी आजार सांगते. आज, या घटकेला किती दुखतंय ते सांगत नाही. ते फक्त तो पोरगा सांगू शकतो.

दुसरा मुद्दा शब्दांचा. हायडेलबर्गला २०१५ पासून डॉ. कुनर यांच्या नेतृत्वाखाली जो मोठा संशोधन प्रकल्प चालला, त्याच्या नावाचा अर्थ 'इजा-संवेदनापासून जुनाट वेदनेपर्यंत' असा आहे. नाव प्रामाणिक आहे, कारण इजेची वर्दी आणि वेदना या दोन गोष्टी आहेत हे त्यात मान्य केलंय. पण 'पासून' आणि 'पर्यंत' यांच्यामधली वाट किती लांब आहे? २०२२ सालीच 'सायन्स'मध्ये आलेल्या त्यांच्या दुसऱ्या कामात या वाटेचा एक टप्पा दिसतो. हालचालींचं नियंत्रण करणारा मेंदूचा जो भाग आहे, त्याच्या पाचव्या थरातून निघणारा मार्ग चेतवला की उंदराची वाढलेली संवेदनशीलता उतरते. सहाव्या थरातला मार्ग चेतवला की दुखण्याचा नकोसेपणा ओसरतो. म्हणजे दुखणं आणि ते नकोसं होणं या दोहोंसाठी मेंदूत वेगवेगळ्या वाटा आहेत. बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला होता. पहिला शरीराला लागतो, दुसरा मनाला. इथं जमलेल्या अनेकांना तो पाठ असेल.

तरी सावध राहायला हवं. उंदराचा नकोसेपणा आणि माणसाचं दुःख यांची बरोबरी होत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला मजुरी किलोवर मिळते. तिची कंबर धरली की तिच्या डोक्यात पहिला हिशेब येतो तो आज किती किलो कमी भरणार याचा. हा हिशेब तिच्या दुखण्याला बाहेरून चिकटलेला नाही. तिला जे सोसावं लागतं त्यातलाच तो भाग आहे. मेंदूतला मार्ग शांत करणारं औषध उद्या निघालं तर आम्ही त्याचं स्वागतच करू, पण मजुरीचा दर त्या औषधानं बदलणार नाही.

आपली भाषा इथं मदतीला येते. 'मी दुखतो' असं आपण म्हणत नाही, 'मला दुखतं' म्हणतो. त्यात दुखणाऱ्याकडे कर्तेपण नाही, म्हणून दोषही नाही. आजाराला आपण 'दुखणं' म्हणतो आणि आजाऱ्याला 'दुखणाईत'. रोग्याची ओळख त्याच्या दुखण्यावरून, रिपोर्टवरून नव्हे. आणि त्याचं दुखणं मला होत नाही, पण त्याचं दुःख मला होऊ शकतं. हा फरक मराठीनं फार पूर्वीच सांभाळून ठेवला आहे.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या जोडीला जी टिपणं आहेत त्यांत माणसानं सांगितलेल्या वेदनेचा आदर करावा असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन दुर्मीळ झालं होतं. रुग्णांना ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ साली त्यात दुरुस्ती झाली. पण कायदा सैल करून भागत नाही. समोरच्याला दुखतंय हे ज्याला पटतं, तोच ते औषध लिहून देतो.

म्हणून ढाणकीकरांना आमचं सांगणं साधं आहे. घरात कुणी दुखतं म्हणालं तर 'रिपोर्ट काय आला' हे नंतर विचारा. आधी विचारा, कुठं दुखतं, कसं दुखतं? ठणकतं की सणकतं, आग होते की मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं का? हे शब्द डॉक्टरच्याही कामाचे आहेत. आग, मुंग्या, करंट ही लक्षणं नसेच्या दुखण्याकडे बोट दाखवतात, आणि त्याचं औषध साध्या अंगदुखीच्या गोळीपेक्षा वेगळं असतं. उमरखेडला जा नाही तर नांदेडला, हे शब्द जसेच्या तसे डॉक्टरला सांगा. डॉ. कुनर यांचं शास्त्र त्यापुढचं काम करील. पण त्याला सुरुवात करायला कुणीतरी त्या माणसाचं आधी ऐकून घेतलेलं असलं पाहिजे.

आता तुमचे प्रश्न असतील ते विचारा.