यंत्राला मिलिमीटर शिकवताना

पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली, तेव्हा संगणकाच्या आज्ञेने हालणारे यंत्र ग्रामीण शाळेला अपूर्वाईचे होते. २०१६ नंतर अटल टिंकरिंग प्रयोगशाळांतून त्रिमिती प्रिंटर अनेक शाळांत पोहोचले. लाकडावर, ॲक्रिलिकवर अक्षरे कोरणारे छोटे सीएनसी यंत्र त्याच कुळातले. त्याची गती सांभाळणारी ‘जीआरबीएल’ ही आज्ञावली बरीच प्रचलित आहे. कळमनुरीसारख्या गावातील शाळेने असे यंत्र घेतले, तर ही आज्ञावली तेथे काय शिकवील आणि काय लपवील, याचा विचार येथे करू.

२००९ मध्ये सिमेन स्कॉग्सरूड यांनी सुरू केलेली ही आज्ञावली विनामूल्य व खुली आहे. केवळ ३२ किलोबाइट स्मृतीच्या आर्डुइनो बोर्डावर ती चालते. यंत्राचे सारे वर्तन तीस-पस्तीस आकड्यांत मांडलेले असते आणि ते कोणालाही पाहता व बदलता येतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे.

दोष असा, की हे आकडे मुके आहेत. १.१ या आवृत्तीत जागा वाचवण्यासाठी त्यांची स्पष्टीकरणे गाळली गेली. त्यामुळे ‘$१००=२५०’ एवढेच उमटते. मग दुसऱ्याच्या यंत्राचे आकडे जसेच्या तसे उतरवण्याचा मोह होतो. येथेच शिक्षण थांबते.

वास्तविक हा आकडा म्हणजे एक मिलिमीटर सरकण्यासाठी लागणारे मोटारचे टप्पे. समजा, मोटार एका फेऱ्यात २०० टप्पे घेते आणि ड्रायव्हर प्रत्येक टप्प्याचे ८ भाग करतो. म्हणजे १६०० सूक्ष्म टप्पे झाले. स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल ८ मिमी सरकत असेल, तर १६०० ÷ ८ = २००. मूळचे २५० तसेच ठेवले, तर १०० मिमी सांगितल्यावर टेबल १२५ मिमी जाईल. हे तर आपले नेहमीचे त्रैराशिक! शेजारच्या दोन आट्यांतील अंतर २ मिमी दिसते म्हणून तेच धरणारा विद्यार्थी फसेल. या स्क्रूवर चार आटे सोबतीने फिरत गेलेले असतात.

प्रवेगाचा मूळ आकडा १० मिमी प्रति वर्ग सेकंद आणि कमाल वेगाचा ५०० मिमी प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मिमी. v² = २as वापरून पाहा: हा वेग गाठायला साडेतीन मिमी अंतर लागते, थांबायलाही तेवढेच. म्हणून ५ मिमीची सुटी रेघ ओढताना यंत्र कमाल वेग गाठतच नाही. गतीच्या समीकरणांचे इतके जिवंत उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच मिळेल.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. ही आज्ञावली टप्पे पाठवते, पण टेबल खरोखर सरकले का, हे तिला कळत नाही. मोटार अडली तरी पडद्यावरील आकडा बिनचूकच दिसतो. दिशा बदलताना स्क्रूच्या ढिलाईत काही टप्पे वाया जातात. ते भरून काढण्याची सोय लिनक्ससीएनसीत आहे, येथे नाही. पडद्यावरचा आकडा म्हणजे मोजमाप, असा समज विद्यार्थ्यांत रुजला तर तो घातक ठरेल.

यावर उपाय सोपा आहे. कोरणीच्या जागी पेन लावून कागदावर ‘कळमनुरी’ हे नाव काढून घ्यावे. शिरोरेषा पट्टीने मोजावी. १० मिमीच्या रेघेत एक मिमीची चूक दहा टक्के असते, २०० मिमीच्या रेघेत अर्धा टक्का, म्हणून नाव मोठे काढावे. ‘ळ’ची वळणे चपटी आली, तर ढिलाई आहे असे समजावे.

शाळेने ही आज्ञावली अवश्य वापरावी, असे आमचे मत आहे. अट एवढीच: आधी वहीत गणित, मग यंत्रात आकडा आणि शेवटी हातात पट्टी.